रिकाम्या खुर्चीचा फोटो

धाडच्या रंगराव सोनुन्यांना मागच्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि त्यातून ते सावरले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक होता. हाव. आमच्याकडे हाव म्हणजे हो. चहा घेता का, तर हाव. चहा नको का, तरी हाव. पोराचा राग आला तरी हावच, फक्त जरा मोठ्यानं. गंमत अशी की देवळातली आरती लाउडस्पीकरवर लागली की तेवढी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणत. आरती संपली की पुन्हा हाव.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, "त्यांना जुनं सगळं आठवतं. तुम्ही बोलता ते बरंचसं कळतंही. पण मनातला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. आणि आपण भलतंच बोलतोय हे पुष्कळदा त्यांच्या लक्षातही येत नाही. त्यांना वाटतं, आपण बरोबर सांगितलं."

मुलगा सागर हे ऐकून खाली बघत राहिला. सून अनुपमा मात्र घरी आल्यावर खूप वेळ रडली. कारण रंगराव हा बोलून जगलेला माणूस होता. बसस्टँडच्या रस्त्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, त्यांचा 'रूपरंग' फोटो स्टुडिओ होता, आणि त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा त्यांच्या जिभेवर लोकांचा जास्त भरवसा होता. खेड्यातली माणसं फोटोला बसली की लाकडासारखी ताठ होत. रंगराव त्यांना त्यांच्याच गावचं काहीतरी विचारत, उलटसुलट बोलत, आणि माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच फोटो काढून मोकळे होत. अनुपमा लग्न होऊन आली तेव्हा पासपोर्ट फोटो कापायला त्यांनीच तिला शिकवलं. कापता कापता ते बोलत आणि ती ऐके. निम्मं ऐके, निम्मं सोडून देई. सासरे काय, उद्याही बोलणारच होते.

दिवाळीच्या आधी सागरनं स्टुडिओची खोली रिकामी करायला घेतली. तो स्वतः लग्नाच्या शूटिंगला जाई, त्याला या खोलीची गरज नव्हती. तिथं त्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकायचं होतं. भिंतीवरचा रंगवलेला पडदा, त्यात तळं आणि तळ्यात दोन हंस, तो गुंडाळला. फोटोची लाकडी खुर्ची घरात आणून ठेवली. आणि मागच्या फळीवरून पत्र्याची एक पेटी खाली आली. पेटीत फोटो होते. लोकांनी काढून घेतलेले, पण न्यायला कोणी परत न आलेले.

एकाही फोटोमागं नाव नव्हतं. ही रंगरावांची जुनी खोड. "नाव कायले लिवू? तोंड दिसते ना," असं ते म्हणत. कोणाचा फोटो, कधीचा, का काढला, सगळं त्यांच्या डोक्यात असे.

सागर म्हणाला, "फेकून दे."

अनुपमानं पेटी घरात आणली आणि दुपारची कामं उरकून एकेक फोटो बघायला बसली. बहुतेक साधेच होते, नवरा-बायको, बाळाचं जावळ, दहावीची पोरं. पण मधूनच असा एखादा निघे की ती बघतच राही. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, शेजारी नवरी नाही, नवी सायकल उभी, आणि सायकलच्या हँडललाही मुंडावळ्या. नऊवारीतली म्हातारी, मांडीवर रेडिओ, त्याला टोपडं घातलेलं. हंसांच्या पडद्यासमोर उभा असलेला अख्खा बैल. स्टुडिओला तीन पायऱ्या होत्या. बैल वर आला कसा?

आणि तीन फोटो असे होते की ते तिनं वेगळेच काढून ठेवले.

पहिल्यात त्या लाकडी खुर्चीवर एक माणूस बसलेला, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी, ठिपक्यांचा फ्रॉक, उजव्या गुडघ्याला फडक्याची पट्टी. मुलगी रडतेय, तोंड उघडं, अंग मागं टाकलेलं. दुसऱ्यात तीच खुर्ची, तीच मुलगी, तोच फ्रॉक, तीच पट्टी, पण माणूस दुसरा. काळसर, बारीक, कुरळ्या केसांचा. आणि त्याच्या मांडीवर ती मुलगी खदखदून हसतेय. तिसऱ्यात ते दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभे, दोघांचा एकेक हात खुर्चीच्या पाठीवर. खुर्ची रिकामी. मुलगी नाहीच. खुर्चीखाली एक लहानशी चप्पल तेवढी पडलेली.

अनुपमानं ते तिन्ही रंगरावांच्या खाटेवर मांडले. "मामाजी, हे कोण हायेत?"

रंगरावांनी डाव्या हातानं फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला. त्यांचा चेहरा बदलला. "हाव," ते म्हणाले. मग हळू आवाजात, मान हलवत, "हाव, हाव, हाव."

त्यांना ठाऊक होतं, यात तिला शंका उरली नाही.

तिनं फेसबुकवर एक पान काढलं आणि फोटो टाकायला सुरुवात केली. खाली लिहिलं, कोणी ओळखत असेल तर सांगा. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ते फिरले. दोन-चार दिवसांत धाडमध्ये जो भेटे तो तिला गोष्टच सांगू लागला. सायकलवाल्याची नवरी पळून गेली म्हणे. दुसरा म्हणे, नाही, हुंड्यात सायकल मिळाली तर बायको कशाला पाहिजे, अशी थट्टा होती ती. तिला मजा वाटू लागली. झटक्यानंतर पहिल्यांदा घरात हसणं ऐकू येत होतं.

बैलाचा फोटो बघून रंगरावांचे जुने मित्र पुंजाजी स्वतः घरी आले. "अरे, हा माह्या मामाचा बैल! शंकरपटाच्या शर्यतीत पह्यला आला व्हता. मामा म्हने, माणसाचा फोटो काढतेत, मंग याचा काऊन नाई? चौघांनी मिळून चढवला वर." रंगराव खाटेवर हसत होते, डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होते. "हाव! हाव!"

अनुपमाला वाटलं, हा खरा हाव. तिची समजूत होती की खरा हाव आणि पोकळ हाव तिला वेगळा ओळखता येतो, डोळ्यांवरून. पण पुढच्याच आठवड्यात चिखलीहून एकाचा फोन आला की तो बैल त्याच्या वडिलांचा, शंकरपटाचा काही संबंध नाही, बँकेला विम्यासाठी फोटो पाहिजे होता आणि पाऊस होता म्हणून आत घेतला. तिनं तेही सासऱ्यांना सांगितलं. ते तसेच हसले, तशीच मांडीवर थाप मारली. "हाव! हाव!"

तेव्हाच तिला कळायला हवं होतं. पण बैलच तर होता. तिनं मनावर घेतलं नाही.

रिकाम्या खुर्चीचे तीन फोटो टाकल्यावर लोकांनी नाना तर्क काढले. पोरगी मेली असेल. दोघं भाऊ, त्यांची वाटणी झाली असेल. मग रोहिणखेडहून एका बाईचा फोन आला. आवाज सांभाळून बोलणारा.

"मी पुष्पाबाई बोलून राह्यली. माह्या पोरीनं, काजलनं, तुमचे फोटो दाखवले मले. तो टोपीवाला माणूस हाये ना, तो माहा बाप हाये. कारभारी म्हनत त्याले. आन् ती पोट्टी मी हावो."

"खरंच? मंग तर सापडलं की!" अनुपमा आनंदानं म्हणाली. "आन् दुसरा कोण?"

पलीकडे पुष्पाबाईंनी आवाज आणखी खाली आणला.

"थेच तं इचाराचं हाये बाई तुमच्या सासऱ्याले. त्यायले मालूम अशीन का?"

"हो, त्यांना माहीत आहे. फोटो पाहून लगेच ओळखलं त्यांनी," अनुपमा म्हणाली. ते बोलत नाहीत हेही तिनं सांगितलं. "पण या तुम्ही. खाणाखुणा करून काढू काहीतरी."

पुष्पाबाई दोन गाड्या बदलून बाजाराच्या दिवशी आल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, रापलेल्या हातांच्या, पिशवीत घरची वांगी-मिरच्या घेऊन. अनुपमानं पाणी दिलं, चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. त्या आईबापांच्या एकुलत्या. आई मंजुळाबाईंना दुसरं मूल झालं नाही, म्हणून पुष्पाबाईंचा नवरा घरजावई झाला आणि त्या माहेरीच राहिल्या. लहानपणी भांडणात पोरं त्यांना 'आणलेली पोट्टी' म्हणत. घरी येऊन विचारलं की आई म्हणे, लोकं काही बी म्हनतेत. बाप तर जीव लावी, त्यामुळं तो प्रश्न कधी मोठा झालाच नाही. बाप जाऊन खूप वर्षं झाली. आई मागच्या वर्षी गेली. शेवटच्या दुखण्यात ती लेकीला पुष्पा म्हणायची सोडून छकुली म्हणू लागली होती.

"एक दिवस मले म्हने, छकुले, तुहा बाप येऊन गेला का वं? मी म्हनलं, आई, बाबा तं कवाचेच गेले. तं म्हने, थो नाई. मी म्हनलं म्हातारपन हाये, भ्रमली हाये." पुष्पाबाईंनी उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला. "हा जखमेचा वन हाये माह्या गुडघ्याले. इचारलं तं आई म्हने बैलगाडीतून पडली व्हती. फोटोत पट्टी पाह्यली आन् मले घामच फुटला."

अनुपमानं त्यांना रंगरावांजवळ नेलं. रंगराव उशीला टेकून बसले होते. तिनं पुष्पाबाईंना खाटेशेजारी त्या लाकडी खुर्चीवरच बसवलं, कारण घरात दुसरी खुर्ची कपड्यांनी भरलेली होती. तिन्ही फोटो पुढं ठेवले.

"मामाजी, ही तीच पोरगी हाये. आता एवढी झाली."

रंगरावांनी पुष्पाबाईंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा डावा हात पुढं आला आणि साडीवरूनच त्यांनी पुष्पाबाईंच्या उजव्या गुडघ्यावर अलगद ठेवला.

पुष्पाबाईंनी त्या हाताकडे बघितलं.

आणि रंगराव बोलू लागले. "हाव," ते म्हणाले, सुरुवात करावी तसं. "हाव हाव, हाव... हाव." आवाज खाली आला, वर गेला. हातानं त्यांनी लहान पोराची उंची दाखवली. दूर, खिडकीबाहेर बोट केलं, मग जवळ आणलं. तोंड वाकडं करून रडण्याची नक्कल केली आणि स्वतःच थोडं हसले. मग गंभीर झाले. कोणाचं तरी बोलणं दुसऱ्याच आवाजात काढलं, जाड आवाजात, "हाव हाव हाव!" आणि लगेच त्याला उत्तर दिलं, हलक्या, काकुळतीच्या आवाजात, "हाव... हाव..." तळहात तोंडावर ठेवला. मूठ मिटली, मग सावकाश उघडली. रिकामी. थांबले. जिथं गोष्ट सांगणारा थांबतो, तिथंच थांबले. मग एकच हात कपाळाला लावून कोणाला तरी नमस्कार केला, आणि शेवटचं, अगदी हळू, "हाव," म्हणून डोळे पुसले.

सगळी गोष्ट सांगून झाली होती. आता ते दोघींकडे बघत होते, ऐकणारे काय म्हणतात याची वाट बघत.

अनुपमा त्यांच्या आवाजाचं प्रत्येक वळण ओळखत होती. इथं ते थट्टा करतात, इथं कोणाची कीव करतात, इथं त्यांना स्वतःलाच भरून येतं. सगळं कळत होतं. काय घडलं तेवढंच कळत नव्हतं.

पुष्पाबाई मान हलवत राहिल्या. मग त्या पुढं वाकल्या आणि कुरळ्या केसांच्या माणसावर बोट ठेवलं.

"काका, हा कोन हाये? हा माहा बाप हाये का? खरा बाप?"

"हाव."

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. अनुपमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण तिच्या डोळ्यांपुढं तो बैल आला, मांडीवरची थाप आली. हे असंच सोडणं पाप होतं. ती म्हणाली, "बाई, दुसरंही विचारून पाहा. मामाजी सगळ्यालेच हाव म्हणतात."

पुष्पाबाईंनी पदर खाली घेतला. विचार करून म्हणाल्या, "काका, नाई तं मी हरवली व्हती का? बाजारात? आन् या मानसाले सापडली, त्यानं माह्या बापाले आनून देली? म्हनून हा फोटो?"

"हाव, हाव!" रंगरावांनी जोरात मान हलवली. डोळे तसेच, ओले, खरे.

"नाई तं हा माह्या आईचा भाऊ व्हता?"

"हाव."

पुष्पाबाईंनी फोटोवरचं बोट काढून घेतलं.

अनुपमाला एक सुचलं. तिनं फोटो उलटसुलट केले आणि म्हणाली, "मामाजी, बोलू नका. पहिले कोणता काढला, मंग कोणता, तसे ठेवा फक्त." क्रम कळला तर काहीतरी कळलं असतं. हसरा आधी आणि रडका नंतर, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे दिली. रडका आधी असला तर मग काही वेगळं.

रंगरावांनी डाव्या हातानं हसरा फोटो पहिला ठेवला. त्याच्यापुढं रडका. मग रिकामी खुर्ची. त्यांनी बघितलं, कपाळाला आठी घातली, मान हलवली. रडका उचलून पहिला ठेवला. रिकामी खुर्ची मध्ये. पुन्हा बघितलं. रिकामी खुर्ची पहिली केली. आपण चुकतोय हे आता त्यांना कळलं होतं, आणि आधी जे सांगितलं तेही पोचलं नव्हतं हेही कळलं. त्यांनी पुष्पाबाईंच्या तोंडाकडे बघितलं, अनुपमाच्या तोंडाकडे बघितलं, आणि हाताच्या एका फटक्यानं तिन्ही फोटो जमिनीवर उडवले.

"हाव! हाव! हाव!" ते ओरडले आणि हुंदके देऊ लागले.

सागर दुकानातून धावत आला. बापाला छातीशी धरून म्हणाला, "बस करा आता. बीपी वाढते त्यायचं. काय फायदा हाये याचा?"

पुष्पाबाईंनी खाली बसून फोटो गोळा केले. बाहेर ओट्यावर आल्यावर अनुपमा म्हणाली, "माझंच चुकलं. मी ते टाकायलेच नको होते."

"तुमी काय केलं बाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "मले एक बाप व्हता. आता तो बी पुरा रायला नाई, आन् दुसरा बी पुरा भेटला नाई."

अनुपमाला वाटलं होतं, पुष्पाबाई आता परत यायच्या नाहीत. पण पुढच्या बाजाराला त्या पुन्हा आल्या. त्याच्याही पुढच्याला आल्या. म्हणाल्या, मी काही इचारणार नाई, नुसती बसीन. सागरला ते आवडलं नाही, पण रंगराव त्यांना बघून हात पुढं करत, म्हणून तो बोलला नाही. त्या बसत, रंगरावांना केळं कुस्करून भरवत, आणि कधीतरी रंगराव आपणहून गोष्ट सांगायला लागत. अनुपमानं एकदा मोबाइलवर ती उतरवून घेतली. काजलनं रोहिणखेडला ती पुन्हा पुन्हा चालवून पाहिली, कॉलेजातल्या मैत्रिणींना दाखवली. प्रत्येकीला वेगळी गोष्ट दिसली. एकदा अनुपमाच्या लक्षात आलं की या वेळी तळहात तोंडावर गेलाच नाही, मूठच दोनदा उघडली. म्हणजे मागच्या वेळी चुकलं होतं, की आत्ता विसरले, की त्याला काही अर्थच नव्हता? कोणाला विचारणार?

पुंजाजींनाही विचारून झालं. त्यांना तो कुरळ्या केसांचा माणूस आठवेना. रोहिणखेडला म्हाताऱ्या माणसांनी फोटो हातात घेतला, उन्हात धरला, परत दिला.

एकदा पुंजाजी खाटेशी बसले होते तेव्हा पुष्पाबाईंना म्हणाले, "बाई, हरवली व्हती आन् सापडली, असंच धर ना. मनाले बरं वाटते. कोन येते खोटं पाडाले?"

पुष्पाबाई केळ्याची साल सोलत होत्या. "धरता आलं असतं तं दोन गाड्या बदलून कायले आली असती भाऊ? मी धरीन एक, आन् खरं अशीन दुसरं. मंग त्या दुसऱ्या मानसाचं काय? थो आपल्या लेकराले सोडून घरी गेला अशीन. त्याले मी हरवलेलं पोरगं आनून देनारा म्हनू? आन् नुसताच भला मानूस अशीन, तं त्याले लेक देऊन टाकनारा म्हनू?"

रंगराव म्हणाले, "हाव."

मार्गशीर्षात रंगरावांना दुसरा झटका आला. बुलढाण्याला नेलं. या वेळी तो एक शब्दही गेला. अनुपमा त्यांच्या उशाशी बसून होती. तिनं एकदा, नर्स नसताना, मोबाइलवर त्यांचीच गोष्ट त्यांच्या कानाशी लावली. कदाचित स्वतःचा आवाज ऐकून काही हलेल. पापणीही हलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

अनुपमानं पुष्पाबाईंना फोन केला तेव्हा त्या शेतात होत्या. "येते," एवढंच म्हणाल्या.

दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं. रंगरावांची बहीण गोजरबाई देऊळघाटहून आली होती. ऐंशीच्या पुढची, कानानं अधू, पण नात्यागोत्याची एकेक गाठ तोंडपाठ. बायका मागच्या अंगणात बसल्या होत्या. गोजरबाई प्रत्येकीला हाताला धरून विचारी, तू कोनाची वं माय? ती सांगे. मग गोजरबाई तिच्या आईचं, आजीचं नाव घेई आणि दोघी गळ्यात पडून रडत.

पुष्पाबाई भिंतीशी बसल्या होत्या. गोजरबाई सरकत सरकत त्यांच्यापाशी आली, हात धरला, चेहरा निरखला.

"तू कोनाची वं माय? वळखू नाई आली."

अनुपमा चुलीपाशी होती, तिथूनच तिनं ऐकलं. ती मध्ये पडायला निघाली. आमच्या ओळखीच्या आहेत, मामाजींच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, असं काहीतरी तिच्या ओठावर होतं. पण गोजरबाईनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, कानानं अधू माणूस विचारतो तसं. चार बायकांच्या माना वळल्या.

पुष्पाबाईंनी तोंड उघडलं.

"रोहिणखेडची," त्या म्हणाल्या.

"अवं, गाव नाई. कोनाची?"

पुष्पाबाईंनी आपला हात हळूच सोडवून घेतला, म्हणाल्या, "थांबा आत्याबाई, येते," आणि उठून मोरीपाशी गेल्या. तिथं खरकट्या भांड्यांचा ढीग होता. त्यांनी पदर खोचला, राखेची वाटी पुढं ओढली आणि घासायला बसल्या. अनुपमा जाऊन त्यांच्याशेजारी बसली आणि त्या घासून देतील ते भांडं विसळत राहिली.